भुऱ्याच्या पेटीतली ओल

संपादकबाईंचं म्हणणं असं, की मी सरकारी दवाखान्यातल्या गायीम्हशींवर लिहावं, वाचकांना ते आवडतं. आवडत असेल. पण गाय आजारी पडली की काय करायचं हे मला झोपेतही येतं, आणि जे झोपेत येतं ते लिहायला बसलं की झोपच येते. मी मुळात एका जागी बसणारी बाई नाही. पायाला भिंगरी लावून जन्माला आली असं माझी आई म्हणायची, आणि आता नवरा म्हणतो. एवढ्या ओळी लिहितानाही मी उठून कुंड्यांना पाणी घालून आले आणि दूध उतू गेलं नसताना गॅस बघून आले.

म्हणून मी सापावर लिहिणार आहे. सगळ्या नोकरीत आणि नंतरच्या दवाखान्यात मला ज्यानं सर्वांत जास्त छळलं तो हा रुग्ण. त्यानं लाथ मारली नाही की शिंग लावलं नाही. तो वेटोळं घालून नुसता पडून राहायचा, आणि मीही त्याच्यासाठी काही न करता थांबावं एवढीच त्याची अपेक्षा होती. मला तेच जमत नाही.

नोकरीत असताना मी कारंजा घाडगेला बरीच वर्षं काढली, नंतर समुद्रपूरकडे होते. निवृत्त झाल्यावर वर्ध्याला बोरगाव मेघेत घर बांधलं आणि पुढच्या खोलीत छोटा दवाखाना काढला. तिथे कुत्री येतात, मांजरी येतात, अधूनमधून बकरी येते. कूलर लावल्याशिवाय आमचा टॉमी पोळी खात नाही, याला काहीतरी औषध द्या, असं सांगणाऱ्या एक बाई येतात. मी त्यांना कूलर लावा म्हणून सांगते, आणि त्या समाधानानं जातात.

एप्रिल संपता संपता गजाननभाऊंचा फोन आला. गजाननभाऊंचा कारंज्याजवळ हायवेवर ढाबा. पूर्वी ढाब्यामागे त्यांच्या म्हशी असायच्या, आणि ट्रकांच्या रांगेआड बसून मी त्यांच्या म्हशीचं अडलेलं पारडू काढलं होतं, तेव्हापासून मी त्यांची घरची डॉक्टर. म्हशी विकून झाल्या तरी दिवाळीला फोन यायचा. पण त्या दिवशी आवाज वेगळा होता.

"डॉक्टरीनबाई, जनावर बिमार हाय. येता का?"

"म्हैस घेतली का पुन्हा?"

"म्हैस नाई."

"मग कोणतं जनावर?"

जरा वेळ नुसता ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मग म्हणाले, "लांबट हाय."

मी गेले. ढाब्याच्या मागे त्यांचं घर, आणि घरातल्या सगळ्यात चांगल्या खोलीत टेबलावर काचेची मोठी पेटी. पेटीला बाहेरून ओलं बारदान गुंडाळलेलं. ते बाजूला केलं तेव्हा आतल्या काचेवर पाण्याचे थेंब ओघळत होते आणि कोपऱ्यात तपकिरी, पिवळसर चट्ट्यांचा एक जाड, आखूड साप पडला होता. मी आधी कागद विचारला. आपल्याकडचा साप घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि म्हशीच्या ओळखीखातर मी कायद्याकडे पाठ फिरवणार नव्हते. पण हा परदेशी जातीचा बॉल पायथन होता, आणि त्याच्या रीतसर नोंदणीचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर, लग्नाच्या फोटोशेजारी लावला होता.

"अक्षयचा हाय," गजाननभाऊंची बायको मंदाताई दारातूनच म्हणाल्या. अक्षय त्यांचा एकुलता एक मुलगा. "त्यानं नाव दुसरंच ठेवलं होतं. हे भुऱ्या म्हनते."

मला सापातलं फारसं कळत नव्हतं, हे मी त्यांना सरळ सांगितलं. आम्ही शिकलो ते खुरांचं आणि कासेचं. पण नागपूरला माझी एक मैत्रीण वन्यप्राण्यांची डॉक्टर आहे. तिला तिथूनच फोन लावला, व्हिडिओवर साप दाखवला, आणि पुढे जे शिकले ते तिच्याकडून आणि भुऱ्याकडून.

साप कात टाकतो हे सगळ्यांना माहीत आहे. ती टाकण्याआधी त्याचे डोळे दुधाळ होतात, मग काही दिवसांनी पुन्हा निवळतात, आणि तो ओठ कशावर तरी घासून मोजा उलटा काढावा तशी सगळी कात अखंड काढतो. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक टोपी असते, तीही कातीबरोबरच निघते. पण हे सगळं व्हायला हवेत ओल लागते. ओल मोजायला डबीएवढा मीटर मिळतो. या जातीच्या सापाला साठच्या आसपासचा आकडा मानवतो, कात यायच्या दिवसांत थोडा वर. आता आपल्याकडे मे महिन्यात पहिला टॉवेल वाळत घालून दुसरा पिळेपर्यंत पहिला वाळलेला असतो. ती हवा पापडांना चांगली. त्या हवेत सापाची कात अंगावरच वाळते, तुकड्या-तुकड्यांनी निघते, आणि डोळ्यांवरच्या टोप्या तशाच राहतात. एकावर एक साचल्या तर साप आंधळा होतो.

भुऱ्याच्या दोन्ही डोळ्यांवर टोप्या होत्या. अंगावर जुन्या कातीचे चट्टे होते. शिवाय पोटाखाली लाल फोड, आणि श्वास घेताना नाकाशी बुडबुडे. म्हणजे कोरडेपणाचाही आजार आणि पाण्याचाही, दोन्ही एकाच जनावराला. मला कळेना हे जमवलं कसं.

"काय काय केलं ते सांगा," मी म्हटलं.

गजाननभाऊंनी सांगितलं. मार्चमध्ये गरमी वाढली तसा त्यांनी कूलर आणला, त्यात वाळ्याची नवी खस घातली आणि कूलरचं तोंड थेट पेटीवर केलं. आपण झोपतो तसं. वरून जाळी, त्यातून ओला गार झोत दिवसरात्र आत. सापाच्या नाकाला पाणी सुटलं.

"मंग मी एसी घेतला."

"भाऊ, ढाब्यात एसी नाही आणि सापाला?"

"माह्या खोलीत पंखा घुरघुर करते," मंदाताई म्हणाल्या, "तो बदला म्हनून मी कवाची सांगून राह्यली. अन् सापाले एसी!"

एसीनं हवेतली होती नव्हती ती ओल ओढून घेतली. तेवढ्यात कात आली ती चिकटून बसली. मग गजाननभाऊंनी स्वतःचं डोकं लावलं. आपल्याकडे रांजण गार ठेवायला ओलं बारदान गुंडाळतात, पानवाला विड्याची पानं ओल्या फडक्यात ठेवतो. त्यांनी पेटीला चारही बाजूंनी आणि जाळीवरही बारदान गुंडाळलं आणि तासातासाला त्यावर तांब्या ओतला. पाणी आत झिरपलं, हवा कोंडली, खालचा भुसा सडला, आणि भुऱ्या त्या सडक्या ओलीत पोट टेकून बसला. रांजणाला फोड येत नाहीत.

मला रागही आला आणि हसूही, पण हसता आलं नाही. समुद्रपूरकडे असतानाचा, जाम गावाजवळचा एक पोल्ट्रीवाला आठवला. त्यानं असाच भर दुपारी शेडचे सगळे पडदे खाली सोडले आणि आत फवारे चालू केले, कोंबड्यांना गार वाटावं म्हणून. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकते, आणि हवा आधीच ओलीचिंब आणि कोंडलेली असेल तर टाकणार कुठे? मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. तो माणूस हातात मेलेली कोंबडी धरून मला विचारत होता, "पानी कमी पडलं का मॅडम?" ती दुपार माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. ओल आणि हवा दोन्ही सोबत लागतात, ही साधी गोष्ट लोकांना आधी सांगायला मी तिथे नव्हते.

तर आम्ही भुऱ्याची पेटी रिकामी केली. नवा नारळाचा भुसा आणला. वर पाणी न शिंपडता कोपऱ्यातून तळाशी ओतायचं, म्हणजे खाली ओल आणि वर, जिथे पोट टेकतं तिथे, कोरडं. आत मीटर लावला, जाळी अर्धी झाकली, अर्धी उघडी ठेवली. कूलर त्याच खोलीत, पण तोंड भिंतीकडे आणि खिडकी बोटभर उघडी. एक मडकं आडवं ठेवून त्यात ओलं शेवाळ भरलं, हवं तेव्हा त्यानं जाऊन बसावं म्हणून. फोडांना मलम, छातीसाठी इंजेक्शनं. आणि डोळ्यांचं? मैत्रीण म्हणाली, डोळ्यांना हात लावायचा नाही. नवी कात येऊ दे, तिच्यासोबत जुनी टोपी निघेल.

"कवा येईन नवी?" गजाननभाऊंनी विचारलं.

"येईल तेव्हा येईल."

"चिमट्यानं नाई काढता येत? हलक्या हातानं? माह्या हाताले सवय हाय, तंदूरमंधली रोटी काढतो मी."

"भाऊ, टोपीबरोबर डोळा येईल हातात."

त्यांनी मान डोलवली, पण मला त्या मानेचा भरवसा वाटेना. निघताना मी घरातले दोन्ही चिमटे मंदाताईंकडे दिले. दाढीची कात्रीही दिली.

एवढा जीव एका सापावर का, हे मला त्याच दिवशी कळलं. चहा होत असताना मंदाताईंनी स्वयंपाकघरातून मुलाला फोन लावला. अक्षय चिपळूणकडे एका कंपनीत इंजिनिअर आहे. तिथल्याच एका मुलीशी त्यानं लग्न केलं, आपल्यातली नाही म्हणून बापानं ते मानलं नाही. ढाब्यावर गिऱ्हाइकांदेखत गजाननभाऊ गरजले होते, की तुह्या दारात पाय ठेवणार नाई. मुलगाही त्यांचाच. तो साप नेणार होता, पण नव्या घराचा मालक नको म्हणाला, म्हणून भुऱ्या इथेच राहिला. तेव्हापासून बाप-लेक एकमेकांशी बोललेले नव्हते.

फोन स्पीकरवर होता. मी ऐकत होते. अक्षयनं विचारलं, "आई, बाबा कसे हायेत?"

मंदाताईंनी फोनवर हात ठेवला आणि बाहेर ओरडल्या, "अहो, तो विचारून राह्यला, भुऱ्या कसा हाय?"

बाहेरून गजाननभाऊ म्हणाले, "सांग, बरा हाय. जेवन थोडं कमी झालं. झोप लागत नाई त्याले."

मंदाताईंनी हात काढला. "बरे हायेत रे. जेवन कमी झालं. झोप लागत नाई."

"बीपीची गोळी घेतात ना?"

"अहो, भुऱ्याले औषध देऊन राह्यले का विचारते."

"देऊन राह्यलो मनाव. इसरतो कवा कवा."

मी चहाच्या कपात बघत बसले. हा खेळ दोघांनाही कळत होता, फोनपलीकडच्यालाही कळत असणार. साप हा त्या घरात एकच असा विषय होता की ज्यावर त्या तिघांना बोलायची मुभा होती. मी त्या पेटीकडे परत गेले आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. भुऱ्या मेला असता तर नुसता साप मेला नसता. त्या माणसाला मुलाशी खबर द्यायला-घ्यायला दुसरं तोंड उरलं नसतं, आणि तो स्वतःचं उघडणार नाही हे मला म्हशीच्या दिवसांपासून ठाऊक होतं.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते आमच्या घरच्यांना विचारा. सकाळी उठले की मीटर किती म्हणून फोन. दुपारी कुत्र्याला टाके घालताना डोक्यात मीटर. गजाननभाऊ माझ्याहून वरचढ. "छप्पन हाय बाई, पानी टाकू का?" "नको." थोड्या वेळानं, "अठ्ठावन झाला, खिडकी उघडू का?" "नको." "मंग काय करू?" "ढाब्यावर जाऊन बसा." "बसवत नाई." मला काय, मलाही बसवत नव्हतं. गायीला सलाइन लावलं तर बाटली धरून उभं तरी राहता येतं. इथे औषध म्हणजे हवा, आणि डॉक्टरचं काम म्हणजे हात मागे बांधून उभं राहणं. हे शिकवणारं एकही पुस्तक आम्हाला नव्हतं. पोटाचे फोड सुकले, नाकाचे बुडबुडे थांबले. डोळे मात्र तसेच. धुरकट काचेतून तो माझ्याकडे बघायचा की नाही तेही कळायचं नाही.

मग एका दुपारी वादळ झालं. झाडं पडली, खांब वाकले, आणि हायवेकडची लाइन गेली. गजाननभाऊंचा फोन आला, "खोली तापून राह्यली," आणि कटला. परत लागेना. मी गाडी काढली. कारंज्यापर्यंतचा रस्ता मला इतका लांब कधी वाटला नव्हता. वाटेत पडलेलं एक झाड लोक बाजूला करत होते, तिथे थांबून राहताना मी स्टीअरिंगवर बोटं आपटून आपटून लाल केली. जामच्या त्या शेडमध्ये मी उशिरा पोचले होते, तेच डोळ्यांपुढे येत होतं.

खोलीत पेटी नव्हती. ढाब्याच्या मागे त्यांची जुनी मातीची खोली आहे, संत्र्याच्या दिवसांत पेट्या ठेवायची, तिच्या दारात ओली बारदानं टांगली होती. वरची वीतभर जागा मोकळी सोडलेली. आत गजाननभाऊ बनियनवर, पोत्यावर बसून वर्तमानपत्राच्या घडीनं त्या बारदानांवर वारा घालत होते. बाहेर गिऱ्हाइकं चहासाठी ओरडत होती, त्यांना कुणी विचारत नव्हतं. पेटी मध्ये, तिच्यावर एक थेंब नाही. मीटरवर आकडा बरोबर साठ.

"बारदान दाराले, पेटीले नाई," ते म्हणाले. "हवा वरून जाऊन राह्यली. बरोबर हाय ना?"

अगदी बरोबर होतं. मला एवढा आनंद झाला, की मी तिथे त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले आणि चक्क पाच-दहा मिनिटं हलले नाही.

बाहेर आले तेव्हा मंदाताईंनी मला तंदूरमागे ओढलं.

"बाई, एक काम करा माह्यं. यायले सांगा, की हवा इथली मानवत नाई सापाले. कोकनात ओल हाय म्हनते ना भल्ली? तिकडे न्या म्हना, अक्षयकडे. नाई तर मरन म्हना. तुमचं ऐकते हे."

"आणि घरमालक?"

"त्यायनं घर बदललं. नव्या मालकाले चालते."

त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. आणि मला सांगायला काय लागत होतं? चार शब्द. चिपळूणची हवा ओली आहे, हे खोटंही नव्हतं. पण तो साप अजून अशक्त होता. भर उन्हात राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याला नेणं म्हणजे वाटेतच घालवणं. आणि इथे त्याला हवी ती हवा त्या माणसानं मातीच्या खोलीत, हातानं वारा घालून, तयार केली होती. त्याला मी काय सांगू, की तुझ्यानं जमत नाही?

"मंदाताई, साप इथेच बरा होऊन राहिला आहे. त्याच्या नावावर मी असं सांगणार नाही. प्रवासात मेला तर भाऊंना आयुष्यभर वाटेल, मुलाच्या दारात जायला निघालो आणि साप गेला. मग तर कधीच जाणार नाहीत."

"साप मरन, साप मरन," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले. "अन् माह्या घराचं काय होऊन राह्यलं थे नाई दिसत तुमाले? सुनेचं तोंड नाई पाह्यलं मी अजून. फोटोच पाह्यला."

त्या तंदूरकडे वळल्या आणि मी गाडीत बसले. परतताना मला सारखं वाटत होतं, की मी डॉक्टर म्हणून बरोबर वागले आणि शेजारीण म्हणून चुकले. घरी आल्यावरही चैन पडेना. कपाट आवरलं, आवरलेलं पुन्हा काढलं. नवरा म्हणाला, "जा सांग मग." मी म्हटलं, "सांगणार नाही." तो म्हणाला, "मग बस." बसणं तर मला येत नाही.

पुढे लाइन आली, पेटी परत खोलीत गेली. भुऱ्याचे डोळे, टोप्यांखाली जेवढे दिसत होते तेवढे, आणखी दुधाळ झाले, मग निवळले. आणि एका सकाळी मी दवाखान्याचा दरवाजा उघडत होते तेव्हा फोनवर गजाननभाऊंचा आवाज आला, इतका मोठा, की समोर उभ्या कूलरवाल्या बाईंचा टॉमी भुंकला.

"टाकली बाई! अख्खी टाकली! मडक्यात पडली हाय. उजेडात धरून पाह्यली मी. दोन्ही डोळे हायेत तिच्यात. दोन-दोन टोप्या, एकावर एक!"

"आणि तो?"

"पाहून राह्यला माह्याकडे. टकटक पाहून राह्यला."

माणूस रडत होता. मीही रडले, हे लिहायला मला लाज नाही. इतकी गुरं उठवून उभी केली, पण काहीच न करता बरा केलेला हा माझा एकच रुग्ण. मंदाताईंना फोन द्या म्हटलं. त्यांनी घेतला, "बरं झालं," एवढंच म्हणाल्या आणि ठेवला. तेवढ्या दोन शब्दांनी माझा सगळा आनंद निम्मा झाला. साप बरा झाला म्हणजे आता त्याला कुठे न्यायचं कारणही उरलं नाही, हे मला तेव्हा नीट कळलं. सगळं पुन्हा होतं तसं चालणार, स्वयंपाकघरातून ओरडून विचारणं आणि बाहेरून ओरडून सांगणं.

आठवडाभर फोन आला नाही. मीही केला नाही.

मग एके दिवशी जेवणाच्या वेळी आमच्या फाटकाशी भाड्याची गाडी थांबली. मागच्या सीटवर भुऱ्याची पेटी, पट्ट्यानं बांधलेली. गजाननभाऊ इस्त्रीच्या शर्टात. मंदाताई नव्या लुगड्यात, मांडीवर पिशवी. त्या माझ्याकडे बघून हसल्या, त्यामुळे मी आणखी गोंधळले.

"याले ठेवा तुमच्यापाशी थोडे दिवस," गजाननभाऊ पेटी उतरवत म्हणाले. मी होकार द्यायच्या आतच ती माझ्या दवाखान्यात आली. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. पाणी कोपऱ्यातून टाकायचं, वरून नाही. जाळी अर्धीच झाकायची. कूलरचं तोंड इकडे करायचं नाही. शेवाळ हातात पिळून पाहायचं, पाणी गळायला नको. मी मान डोलवत ऐकलं. मध्ये एकदा "तुमाले सवय नाई बाई, म्हनून सांगून राह्यलो" असंही म्हणाले.

"निघालात कुठे पण?"

त्यांनी मडकं उगाच थोडं सरकवलं. "चिपळूनले. वर्ध्यावरून गाडी हाय."

मी हात मागे बांधून उभी राहिले. माझ्यासारखीला ते किती जड गेलं हे मीच जाणे.

"हा बिमार होता तवा मले रोज वाटे," ते पेटीकडे बघतच म्हणाले, "का याले घेऊन जाव. सापासाठी आलो मनाव. इज्जतबी राह्यली असती. पन तुमी सांगतलंच नाई न्या म्हनून. मी वाट पाहून राह्यलो होतो. रोज इचारू इचारू केलं." त्यांनी काचेवरचा न दिसणारा डाग अंगठ्यानं पुसला. "आता हा बरा झाला. आता कोनाचं नाव सांगून जाऊ? म्हनून मंग तसंच निघालो."

"अक्षयला कळवलं?"

"नाई. दार उघडलं तर उघडलं. नाई तर दुसऱ्या गाडीनं वापस. इथं येऊन भुऱ्याले घेऊन जाईन, तुमाले तरास नाई देनार."

"उघडते तो," मंदाताई गाडीतूनच म्हणाल्या. "मी कवाचंच सांगतलं त्याले."

गजाननभाऊ गर्रकन वळले. मला वाटलं आता ओरडणार. "काय म्हने तो?"

"तो काई नाई म्हने. रडून राह्यला होता. सूनच बोलली माह्याशी." मंदाताईंनी पिशवी सारखी केली. "तिकडे भातच खाते म्हने सारे. तुमाले भाकर लागते म्हनून तिनं ज्वारी शोधून आनली. भाकर थापता येत नाई तिले, चार दिवसांपासून शिकून राह्यली. रोज जळते म्हने."

गजाननभाऊ उन्हात उभे राहिले. खिशातला रुमाल काढला, चेहरा पुसला, पुन्हा पुसला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ते गाडीत बसले, दार लावलं, आणि गाडी हलली तशी काच खाली करून मला ओरडून म्हणाले,

"बाई, मले वाटते, दोन-चार दिवस जास्त लागन. ठेवता ना भुऱ्याले?"